गावतळ्यातली ट्रायथलॉन : आमची नोंदवही

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीला आलेली पोरं अजून परत गेली नाहीत त्यामुळं कट्टा रोज भरलेला. काल रात्री वाद सुरू झाला की दम कुणात जास्त. तालमीतली पोरं म्हणतात आमच्यात, मिलिटरी भरतीवाली म्हणतात सोळाशे मीटर पळून दाखवा मग बोला, आणि विहिरीत मुटके मारणारी तिसरीच. मी मागं एकदा गोव्याला मिरामारला ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं एका दमात, बघायला गेलेलो, म्हणून मधीच बोललो की अरे हा वाद आधीच होऊन गेलाय आणि त्यातनं जगातली एक मोठी स्पर्धा निघालीय.

झालं असं की हवाईतल्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स म्हणून नेव्हीतला एक ऑफिसर होता, तिथं पळणारे भारी का पोहणारे भारी का सायकलवाले असाच वाद चाललेला. त्यानं काय केलं तर तिथली समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकल आणि मॅरेथॉन, तिन्ही एकाच दिवसात एकामागनं एक लावली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले आणि १२ पोचले, पहिला गॉर्डन हॉलर, पावणेबारा तासांच्या वर थोडा. तीच आयर्नमॅन. पण खेळाची सुरुवात त्याच्याही आधीची, २५ सप्टेंबर १९७४ ला सॅन डिएगोच्या मिशन बेवर जॅक जॉन्स्टन आणि डॉन शॅनहॅन या दोघांनी लावलेली, ४६ माणसं आलेली, आणि त्या ४६ मधी हा कॉलिन्सपण होता.

मास्तर सगळं ऐकून म्हणाले, मग आपण करूया की. मी हसलो. ते हसले नाहीत. वर म्हणाले कुणीतरी लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी परत त्याच खड्ड्यात पडायला नको, आणि गोष्ट मी सांगितली म्हणून वही माझ्याच गळ्यात.

गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, एवढंच लिहितो. तळं आहे, रस्ता आहे, पोरं आहेत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज तुळशीचं लग्न, सुट्टी टाकलेली म्हणून सकाळी तळं बघून आलो. मी, मास्तर आणि पिंट्या. लांब बांबू घेऊन खोली मोजली. घाटाच्या पायऱ्यांच्या समोर पिंट्यानं बांबू घातला तर खाली काहीतरी खडखडलं, वर ओढलं तर गणपतीचा पाट, खिळ्यांसकट, आणि त्याला गुंडाळलेली तार. सप्टेंबरातल्या विसर्जनाचं सगळं तिथंच बसलंय. म्हणजे घाटावरनं पोरं पाण्यात सोडायची नाहीत, हे पहिलं ठरलं. समोरच्या बांधाच्या बाजूला मुरूम आहे, उतार सावकाश आहे, तिथनं सुरुवात आणि तिथंच बाहेर.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंतरावर दोन तास गेले. ट्रायथलॉनमधी क्रम ठरलेला, आधी पोहणं मग सायकल मग पळणं, आणि घड्याळ सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही, कपडे बूट बदलायचा वेळपण त्यातच. ऑलिम्पिकला १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं असतंय. त्याच्या निम्मी म्हणजे स्प्रिंट, ७५० मीटर, २० आणि ५. गोव्यात बघितलेली ती अर्धी आयर्नमॅन, १.९, ९० आणि २१.१, सगळी बेरीज ११३ किलोमीटर म्हणजे ७०.३ मैल, म्हणून तिचं नावच सेव्हंटी पॉइंट थ्री.

पिंट्याचं म्हणणं सरळ ऑलिम्पिकचीच ठेवूया, लोक काय म्हणतील. मी म्हटलं लोक काही म्हणणार नाहीत, ॲम्ब्युलन्सवाला म्हणेल. आमची पोरं विहिरीत वाढलेली, विहिरीत पोहणं म्हणजे उडी, चार हात, कपारीला धरायचं, परत उडी. सलग दोनशे मीटर कुणी पोहलेलंच नाही. त्यामुळं २०० मीटर पोहणं, ८ किलोमीटर सायकल, २ किलोमीटर पळणं. वय १६ च्या वर. पिंट्या तोंड पाडून बसला होता, पण घरी जाताना हळूच विचारलं की दोनशे मीटर म्हणजे विहिरीच्या किती फेऱ्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

शाळेत नियमांची बैठक. मी वर्ल्ड ट्रायथलॉनचे, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेचे, नियम आठवडाभर ट्रेनमधी वाचत होतो, खानापूर ते बेळगाव, आणि काल एका दमात सगळ्यांना सांगायला गेलो तर अर्धी पोरं झोपली. म्हणून आज उलटं केलं, विचारा मी सांगतो.

पोहताना कुठला स्ट्रोक? कुठलापण. कुत्र्यासारखं पोहलं तरी चालतंय. दमलं तर तळाला पाय टेकून उभं राहता येतंय, पाण्यावरचा तरंगता बोया धरता येतोय, बोट धरून श्वास घेता येतोय, फक्त ते धरून पुढं सरकायचं नाही. मदत पाहिजे तर हात डोक्याच्या वर करायचा आणि ओरडायचं. टोपी घालायचीच, ती शोभेला नाही, वरनं डोकी मोजता यायला.

उघड्या अंगानं पळलं तर चालेल का? हा प्रश्न तालमीतनं आला. नाही चालत, सायकल आणि पळण्यात छाती-पोट झाकलेलं पाहिजे. बनियन चालेल का? चालेल.

कानात हेडफोन? नाही. नंबर सायकलवर असताना पाठीवर, पळताना पोटावर. पाण्याची बाटली वाटेत कुठंपण फेकायची नाही, ठरवलेल्या जागीच. शेवटी पळताना चाललं तरी चालतंय पण रांगायचं नाही, यावर सगळे हसले. १९८२ ला हवाईत ज्युली मॉस नावाची मुलगी पहिल्या नंबरवर असताना शेवटी कोसळली आणि रांगत रांगत रेषेपर्यंत पोचली, तोवर दुसरी पुढं गेली, तेवढ्या टीव्हीवरच्या चित्रानं हा खेळ जगात पोचला, आणि आज वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमात रांगायला बंदी. हे सांगितल्यावर कुणी हसलं नाही.

मग हेल्मेट. यावर मी जास्त वेळ घेतला, कारण गोव्यात बघितलेलं की लोक हुशारीनं पोहून येतात आणि इथं चुकतात. सायकल स्टँडवरनं काढायच्या आधी हेल्मेट डोक्यावर आणि हनुवटीखालचा पट्टा टक्क करून लागलेला पाहिजे. परत आल्यावर सायकल स्टँडला लावल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही. मधल्या आवारात सायकलवर बसायचं नाही, हातानं पळवत न्यायची, जमिनीवर रेषा असती तिच्या पलीकडं बसायचं, येताना दुसऱ्या रेषेच्या अलीकडंच उतरायचं.

एक पोरगी मागनं म्हणाली, एवढं कशाला, दोन पावलांनी काय होतंय? मला उत्तर देता आलं नाही तेव्हा.

१ डिसेंबर, रविवार

पंचायतीचं पत्र मिळालं. बॅनरवर कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

खरी अडचण मासेवाला. तळं मासे धरायला लिलावानं त्याच्याकडं आहे, आणि त्याचं म्हणणं चाळीस माणसं एकदम पाण्यात पडली की मासा बुजतोय. मास्तर त्याला म्हणाले अरे गणपतीला चारशे पडतात. तो म्हणाला ते देवाचं. शेवटी ठरलं की त्याचे दोन भाऊ तराफ्यांवर बसून राखण करणार, पैसे घेऊन, म्हणजे मासे त्यांच्या नजरेखाली आणि आमची पोरंपण. सौदा बरा झाला, त्यांच्याइतकं ते पाणी कुणालाच माहीत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

पोलिसांकडं अर्ज घेऊन गेलो, २९ तारीख मागितलेली. बेळगावात विधानसभेचं अधिवेशन सुरू झालंय, सगळा बंदोबस्त सुवर्णसौधला, म्हणजे तिथल्या विधानभवनाला. आमच्या आठ किलोमीटरसाठी दोन होमगार्ड मागितले तर साहेब नुसते बघत राहिले. त्यांचं चूक नाही. पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवतो, डिसेंबरात काही मागायचं नाही.

नवी तारीख २ फेब्रुवारी, रविवार.

२२ डिसेंबर, रविवार

शाळेच्या पटांगणात ट्रान्झिशनची तालीम. पोहण्यातनं सायकलवर जायचं ते टी-वन, सायकलवरनं पळायला ते टी-टू. याला चौथा खेळ म्हणतात आणि आज कळलं का म्हणतात.

स्टँड सेंट्रिंगच्या पाइपांचे केले, दोन घोड्या आणि मधी आडवा पाइप, त्याला सीटचं नाक अडकवून सायकल टांगायची. खाली प्रत्येकाला एक पोतं, त्यावर बूट, हेल्मेट, नंबर. पाणी कुठनं आणायचं म्हणून पोरांच्या अंगावर बादल्या ओतल्या, म्हणजे ओल्या अंगानं येतील, आणि शिट्टी.

पहिला पोरगा आला, ओल्या पायात मोजे घालायला बसला. मी घड्याळ लावलेलं, एका मोज्याला ३८ सेकंद. मोजा घोट्याशी गुंडाळी होऊन बसतोय, ओढला की टाचेत फाटतोय. दुसरा आला त्यानं मोजे सोडले, बूट घातले, सायकल काढली, पळवत रेषेपर्यंत आला, टांग टाकली आणि हेल्मेट पोत्यावर. सगळे ओरडले. तो गडबडीत सायकल तिथंच टाकून हेल्मेट आणायला पळाला, आणि मागनं येणारी दोघं त्या आडव्या पडलेल्या सायकलीवर आपटली. गुडघे सोलले, बाकी काही नाही.

त्या पोरीकडं बघितलं. तीच म्हणाली, कळलं दोन पावलांचं.

मग तिनंच सगळ्यात चांगलं केलं. हेल्मेट उलटं करून हँडलवर ठेवलेलं, पट्टे दोन्ही बाजूला बाहेर सोडलेले, आली, हेल्मेट, टक्क, बूट, सायकल. १९ सेकंद. पिंट्यानं बुटाच्या लेसच्या जागी बायकोच्या परकराचं इलास्टिक घातलं, गाठ मारायची भानगडच नको. वैनींना विचारलेलं नव्हतं, ते नंतर कळलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

सायकल तपासणी. आलेल्या सायकलीतल्या निम्म्या सरकारनं आठवीत वाटलेल्या, काहींना तर अजून शाळेचा नंबर. नियम असा की दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक पाहिजे आणि हँडलच्या नळ्यांची टोकं बंद पाहिजेत, उघडी नळी पडल्यावर पोटात घुसती. २३ सायकलींची टोकं उघडी. कुणी म्हणालं बाटलीची बुचं लावू, कुणी मक्याचं कणीस तोडून. पुढचं नंतर लिहिलंय : मी सोमवारी कारखान्यात आमच्या शॉपमधी नायलॉनच्या रॉडचे तुकडे घेऊन सुट्टीनंतर लेथवर बुचं टर्न केली, थोडा टेपर ठेवून, हातोडीनं ठोकली की परत निघत नाहीत. दोन दिवसात साठ झाली. फोरमननं विचारलं काय करूलालास बे, म्हटलं ट्रायथलॉन. तो म्हणाला कुठल्या कंपनीची ऑर्डर.

हेल्मेट २० बेळगावच्या सायकलवाल्या मित्रांनी उसनी दिली, बाकीची विकत. एका दुकानातनं घेतलेल्या सहापैकी दोन हेल्मेटांचे पट्टे ओढल्यावर हातात आले. परत नेली तर म्हणाला ओढायचं कशाला. त्याच्याशी भांडत बसलो नाही, दुसरीकडनं आणली.

१२ जानेवारी, रविवार

पोहण्याची चाचणी. ४३ नावं आलेली, अट एकच, २०० मीटर न थांबता, वेळ कितीपण लागू दे. ९ जणांना जमलं नाही. त्यातला एक भरतीची तयारी करणारा, पळण्यात गावात एक नंबर, पहिले साठ मीटर जोरात गेला आणि मधी एकदम उभा झाला, म्हणजे पाण्यात उभा, हात खाली दाबायला लागला, डोकं मागं. हात वर केलाच नाही. मासेवाल्याच्या धाकट्या भावानं तराफा नेला आणि बांबू पुढं केला. बाहेर आल्यावर पोरगा म्हणत होता मी ठीक होतो. ओठ निळे.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हे मला त्या तराफेवाल्यानं सांगितलं. वर हात करणारा अजून ठीक असतोय, जो शिडी चढल्यासारखं करतोय त्याच्याकडं बघायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, पण आमच्या पानावर पहिला लिहिला.

आप्पांनी गुऱ्हाळातली काहील आणून दिलेली, पुरात माणसं काढली होती तिच्यातनं म्हणून. टाकली पाण्यात. मधी कुणी हललं की ती भिंगरीसारखी फिरती, पोरगं धरायला गेलं तर दोघंपण आत पडतील. मानानं परत पोचवली. त्याच्याऐवजी ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा फुगवून, दोरी बांधून, त्यावर चार पट्टीचे पोहणारे.

१९ जानेवारी, रविवार

आज भांडण झालं, आणि जिथं होईल असं वाटलं नव्हतं तिथं झालं.

नियम असा की शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. पंक्चर तुझं, चेन तुझी, बूट तुझे. पाणी फक्त आयोजकांच्या टेबलावरचं. हे मी वाचून दाखवलं आणि बायकांमधनं आवाज आला, म्हणजे माझं पोरगं पाण्यातनं कुडकुडत येणार आणि मी टॉवेल धरायचा नाही? मी म्हटलं नाही. मग आप्पा, मग सरपंचांचा भाऊ, मग सगळेच. आमच्याकडं कुणी लांबनं चालत आला तर आधी पाण्याचा तांब्या आणि गूळ, मग काय काम ते विचारायचं. आणि इथं पोरगं धापा टाकत दारावरनं जाणार आणि घरातल्यांनी नुसतं बघायचं.

मला पटवून देता येईना तेव्हा या खेळातल्या ब्राउनली भावांचं, ब्रिटनच्या, सांगितलं. सप्टेंबर २०१६, मेक्सिकोत कोझुमेल, वर्षातली शेवटची मोठी शर्यत. धाकटा जॉनी पुढं होता, शेवटच्या काही शे मीटरवर उन्हानं त्याचे पाय वळायला लागले, दारू प्याल्यासारखा. थोरला अ‍ॅलिस्टर मागनं आला, भावाचा हात खांद्यावर घेतला आणि रेषेपर्यंत ओढत नेला, वर त्याला पुढं ढकललं, स्वतः तिसरा आला. तेव्हाच्या नियमात एका खेळाडूनं दुसऱ्याला मदत करायला बंदी नव्हती म्हणून दोघांचे नंबर राहिले. नंतर नियम बदलला. आता दुसऱ्या खेळाडूला ट्यूब देता येती, पंप देता येतोय, पाणी देता येतंय, पण त्याला ओढून किंवा ढकलून पुढं नेता येत नाही.

सगळे गप्प. मग थोरली वैनी म्हणाली, थोरल्यानं बरोबर केलं. मास्तर म्हणाले नियमपण बरोबर केला. दोघंपण बरोबर असतील तर आमच्या बैठकीचं काय करायचं ते कळेना, म्हणून चहा झाला.

ठरलं असं : मदत घेतली आणि ती उलटवता येण्यासारखी असेल तर उलटवायची, म्हणजे पुढं जाता येईल. नसेल तर बाद. मूळ नियमातपण असंच आहे. आणि पंच म्हणून मी, कारण गावात सगळ्यांशी माझं थोडं थोडं वाकडं आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून सगळे स्वयंसेवक थांबले. मार्शलना वाक्यं पाठ करून घेतली, दोन्ही भाषेत, उतरा-इळीरी, थांबा-निल्लरी, कारण दहा पोरं कन्नड वाडीतली आहेत आणि दमल्यावर माणसाला घरचीच भाषा ऐकू येती.

रस्त्यावर सगळ्यात मोठं भ्या उसाच्या ट्रॅक्टरचं. सीझन जोरात, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा आवाज एवढा की मागनं हॉर्न दिलेला कळत नाही. टोळीच्या मुकादमाला भेटलो, सकाळी ७ ते ९ आमच्या बाजूचा फड बंद ठेवतो म्हणाला, पण बाहेरनं येणाऱ्यांचं मी काय सांगू. म्हणून दोन्ही तोंडाला माणसं.

ड्राफ्टिंगपण आज समजावलं. पुढच्याच्या मागं चिकटून सायकल मारली की वारा तो कापतोय आणि आपल्याला फुकट ओढ मिळती. ऑलिम्पिकला हे चालतंय, झुंडीनंच चालवतात, पण हौशी लोकांच्या बहुतेक शर्यतीत बंदी. छोट्या अंतराला पुढच्या सायकलीपासनं १० मीटर मोकळे पाहिजेत, ओलांडायचं असेल तरच आत शिरायचं आणि २० सेकंदात पुढं जायचं, आणि ज्याला ओलांडलं त्यानं मागं सरायचं. १० मीटर म्हणजे किती हे कुणालाच डोळ्यानं कळेना, म्हणून रस्त्याकडंला चुन्याच्या रेघा मारल्या. कार्डं तीन, पिवळं ताकीद, निळं ड्राफ्टिंगला, लाल बाद. निळ्याला आमच्याकडं एक मिनिट उभं राहायचं.

१ फेब्रुवारी, शनिवार

पाण्याचं तापमान संध्याकाळी २३. वेटसूटचा, म्हणजे गार पाण्यात घालायच्या रबरी सूटचा, नियम वाचून दाखवला, हौशी लोकांना छोट्या अंतराला २२ डिग्रीच्या वर पाणी गेलं की घालता येत नाही. मास्तर म्हणाले बरं झालं, नाहीतर सगळे घालून आले असते.

म्हशींचं राहिलं होतं. आज आणि उद्या तळ्यात म्हशी सोडायच्या नाहीत असं ठरलेलं, पण एका मावशींचं म्हणणं माझ्या म्हशीनं कुठं सही केलीय. त्यांना पॅरिसचं सांगितलं, गेल्या वर्षी पावसानं सीन नदीचं पाणी घाण झालं म्हणून ऑलिम्पिकची पुरुषांची शर्यत एक दिवस पुढं ढकलायला लागली. मावशी म्हणाल्या, तिथंपण म्हशी?

२ फेब्रुवारी, रविवार

रात्री लिहितोय, अंग ठणकतंय, पळालो नाही तरीपण.

३४ जण उतरले, त्यात ६ मुली. ७ वाजून १० मिनिटांनी शिट्टी, दोन तुकड्या, पाच मिनिटांच्या अंतरानं, नाहीतर पहिल्याच बोयाला लाथाबुक्क्या. बोये म्हणजे वीस लिटरचे कॅन, नारिंगी टेप गुंडाळून, दगडाला बांधलेले. पाण्यावर धुकं होतं, नारिंगी टोप्या तेवढ्या दिसत होत्या आणि घाटावर आख्खं गाव, पण आवाज नाही. मी डोकी मोजत होतो. एकानं ट्यूब धरली, दोन मिनिटं थांबला, सोडली, परत निघाला, पूर्ण केलं. एकाला बाहेर काढलं, थंडीनं.

टी-वनला बायकांनी शब्द पाळला, दोरीच्या मागं टॉवेल हातात धरून उभ्या, आणि धरूनच उभ्या राहिल्या. चार पोरं मोज्यात अडकली, एवढं सांगून.

सायकलीवर निळी कार्डं पाच. एक बाहेरनं आलेला उसाचा ट्रॅक्टर दोन किलोमीटरच्या वळणावर थांबवून धरला, ड्रायव्हर खाली उतरून टाळ्या वाजवत होता, गाणं चालूच.

आता ते. सायकलीत पहिला येत होता तो तालमीतला पोरगा, मागच्यापेक्षा मिनिटभर पुढं, मी मोटारसायकलवर मागं होतो. परतीच्या चढाला त्याच्या काकांच्या घरासमोर चेन उतरली. तो खाली उतरतोय तोवर काका अंगणातनं आले, बसले, दोन बोटांनी चेन दातऱ्यावर चढवली, पायडल फिरवलं, पाच सेकंदात. हात धोतराला पुसत परत वळले. त्यांच्या ध्यानातच नाही की काही केलंय. पोरगं सीटवर बसलेलं, माझ्याकडं बघतंय.

मी गाडी थांबवली. म्हटलं, चेन परत उतरव. तो म्हणाला काय? उतरव आणि तूच चढव. काका म्हणाले अरे लागलीय की चेन, आता कशाला? पोरगा उतरला, लागलेली चेन बोटानं पाडली, आणि मग चढवायला बसला तर ती चढेना. हात थरथरत होते, ओलसर होते, चेन मधल्या गार्डमधी जाऊन बसली. काका कमरेवर हात ठेवून उभे, एकदा वाकले, मी बघितलं, परत सरळ झाले. दोघं सायकलवाले बाजूनं गेले. तिसरीपण गेली, तीच एकोणीस सेकंदवाली. दीड मिनिट लागलं. जाताना पोरगा काही बोलला नाही, काका बोलले, ते इथं लिहीत नाही.

पळण्यात त्यानं एकाला गाठलं, तिसरा आला. ती पोरगी दुसरी, मुला-मुलींत मिळून. तिची आई दोरीच्या पलीकडंच होती, अंतिम रेषेनंतर टॉवेल टाकला अंगावर, तेव्हा मी बघितलं आणि आईनं माझ्याकडं बघितलं, बोट रेषेकडं दाखवत.

शेवटाकडं अजून एक. दोन मित्र, शाळेपासनं एकत्र, अकराव्या-बाराव्या नंबरावर हात धरून हसत रेषा ओलांडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नियमात मुद्दाम एकत्र संपवणं बाद आहे. टोकियोत ऑगस्ट २०१९ ला ऑलिम्पिकच्या आधीच्या चाचणी शर्यतीत जेसिका लर्माँथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन पहिल्या-दुसऱ्या होत्या, हात धरून आल्या, दोघींना बाद केलं आणि मागनं आलेल्या फ्लोरा डफीला जिंकल्याचं दिलं. मी हे बैठकीत सांगायचं विसरलो होतो. वही चाळली, कुठंच नाही. जो नियम सांगितलाच नाही त्याला लाल कार्ड कसं दाखवणार, म्हणून दोघांचे नंबर ठेवले, अकरा आणि बारा कोण ते नाणं उडवून.

३४ पैकी ३१ पूर्ण. एक पंक्चर, एक थंडी, एक शाळेपाशी घरी निघून गेला, भूक लागली म्हणून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सामान परत. सेंट्रिंगचे पाइप मंडपवाल्याला, दोन कमी भरले. हेल्मेटं बेळगावला, सगळी. इलास्टिक वैनींना, नवीन घेऊन.

संध्याकाळी काकांच्या घरावरनं जाताना त्यांनी हाक मारली. वाटलं आता बोलतील. अंगणात सायकल उलटी टाकलेली, पोरगा पुढ्यात बसलेला, हात काळे. काका म्हणाले, बस, चहा घे, आणि पोराकडं वळून, हं, परत पाड.

मासेवाल्याच्या जाळ्यात आज एक पोहण्याचा गॉगल आला, निळा, डाव्या काचेला चरा. त्याच्या दुकानात खिळ्याला लावलाय. ज्याचा असेल त्यानं घेऊन जावा, तो पैसे मागेल, देऊ नका.